प्लेगची बातमी आणि परदेशातला मुलगा

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फ्लॅगस्टाफ या गावी एम.एस. करतो आहे. २०२५च्या जुलै महिन्यात त्याच भागात एका व्यक्तीचा प्लेगने मृत्यू झाल्याची बातमी आली, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती अजूनही फिरते आहे. सासूबाईंनी त्यांच्या आईकडून प्लेगच्या गोष्टी ऐकलेल्या असल्यामुळे त्यांनी देवाजवळ अंगारा काढून ठेवला आहे. मुलगा सुट्टीत मित्रांबरोबर रानात तंबू ठोकून राहतो. शिवाय खोलीवर त्याने मांजर पाळले आहे. त्याला परत बोलावू का? निदान इथून डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या तरी पाठवू का? आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही उंदरांचा सुळसुळाट आहे. १९९४ साली बीडला आणि सुरतेला आला, तसा प्लेग पुन्हा आपल्याकडे येईल का?
— एक आई, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मुलाला परत बोलावू नका आणि गोळ्याही पाठवू नका. मात्र त्याच्याशी एकदा सविस्तर बोला. काय बोलावे, हे सांगण्यासाठीच हे उत्तर थोडे लांबवतो आहे, कारण 'काळजी करू नका' एवढ्या तीन शब्दांनी कोणत्याही आईची काळजी गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

बातमी खरी आहे. फ्लॅगस्टाफ ज्या कोकोनिनो काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) येते, तेथील आरोग्य खात्याने जुलै २०२५मध्ये एका रहिवाशाचा फुप्फुसाच्या प्लेगने मृत्यू झाल्याचे जाहीर केले. त्याच निवेदनात, त्या काउंटीत प्लेगने झालेला याआधीचा मृत्यू २००७ सालचा होता, हेही नमूद केलेले होते. फिरत्या संदेशातून नेमके हेच वाक्य गळून पडले असणार. संपूर्ण अमेरिकेत वर्षाला सरासरी सात जणांना प्लेग होतो. त्यांतील बहुतेक रुग्ण न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि कोलोरॅडो या राज्यांच्या ग्रामीण भागांतले असतात, आणि उपचारांमुळे त्यांतील बहुसंख्य बरे होतात. तुमचा मुलगा रोज ज्या रस्त्यावरून गाडी चालवतो, तो रस्ता त्याला या रोगापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा आहे. पण आईच्या मनाला सरासरीचा आधार वाटत नाही, हे मला ठाऊक आहे; म्हणून हा रोग तिथे आहे तरी कसा, ते आधी पाहू.

तिथला प्लेग आणि सासूबाईंच्या आईने पाहिलेला प्लेग हे एकाच लाटेचे दोन फाटे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनच्या युन्नान प्रांतातून निघालेली साथ १८९४ साली हाँगकाँगला पोहोचली. तिथेच अलेक्झांद्र येरसँ यांनी या रोगाचा जीवाणू शोधला. जहाजांवरच्या उंदरांबरोबर तो १८९६ साली मुंबईत उतरला आणि १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत. मुंबईत मांडवी भागातील रुग्ण तपासून हा प्लेगच आहे असे ठामपणे सांगणारे डॉक्टर अकासियो गॅब्रिएल व्हिएगश हे मूळचे गोव्याचे. आपल्याकडे या साथीने पुढच्या दोन-तीन दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. अमेरिकेत तिने शहरांत फारसे बस्तान बसवले नाही. उलट ती बंदरातून हळूहळू रानात शिरली आणि तिथल्या रानखारी व प्रेअरी डॉग यांच्यात कायमची राहिली. हे प्रेअरी डॉग म्हणजे कुत्रे नव्हेत. खारीच्या कुळातले, माळरानावर बिळे करून वस्ती करणारे प्राणी आहेत. अधूनमधून त्यांची एखादी वसाहतच्या वसाहत प्लेगने मरते आणि एरवी चिवचिवाट असलेला माळ एकाएकी शांत होतो. त्या प्राण्यांच्या अंगावरच्या पिसवा मग उपाशी पडतात आणि मिळेल त्या उबदार अंगावर उडी घेतात. माणूस या साखळीत चुकून सापडतो.

म्हणूनच हा रोग जगातून देवीसारखा नाहीसा करता येत नाही. देवीचा विषाणू फक्त माणसांत राहत होता, त्यामुळे माणसांना लस टोचून त्याची वाट अडवल्यावर त्याला जागा उरली नाही. प्लेगचे घर रानातल्या बिळात आहे आणि साऱ्या बिळांना लस टोचणे कोणालाही शक्य नाही. काँगो, मादागास्कर आणि पेरू या देशांत तो आजही ठाण मांडून आहे. २०१० ते २०१५ या सहा वर्षांत जगभरात ३,२४८ रुग्ण आणि ५८४ मृत्यू नोंदवले गेले. तेव्हा 'प्लेग परत आला' हा मथळाच मुळात चुकीचा आहे, कारण जो कधी गेलाच नव्हता तो परत कुठून येणार?

आता रोगाविषयी. पिसू चावल्यापासून साधारण एक ते सात दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप चढतो, डोके ठणकते, अंग गळून जाते आणि जांघेत, काखेत किंवा मानेत गाठ येते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या घरांतून सर्वांना माहीत असते; ही गाठही त्याच जागी आणि त्याच कारणाने येते, पण तिची वेदना निराळी असते. रुग्णाला हात अंगाशी टेकवता येत नाही, पाय सरळ करता येत नाही. हा झाला गाठीचा प्लेग. तो एका माणसाकडून दुसऱ्याला सहसा लागत नाही. जीवाणू फुप्फुसात पोहोचला, तर मात्र खोकल्याच्या तुषारांतून तो जवळच्या माणसांना लागू शकतो आणि घड्याळ फार वेगाने फिरू लागते. गाठीच्या प्लेगवर उपचार झाले नाहीत, तर शंभरांतले तीस ते साठ रुग्ण दगावतात. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये पहिल्या चोवीस तासांत योग्य औषध पोटात किंवा शिरेत गेले नाही, तर रुग्ण वाचणे कठीण असते. हे आकडे भयंकर आहेत आणि संदेश पाठवणारे नेमके तेवढेच पाठवतात. 'उपचार झाले नाहीत तर' हे शब्द मात्र ते वगळतात. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधे प्लेगवर चालतात, जुनी आहेत, स्वस्त आहेत आणि फ्लॅगस्टाफच्या रुग्णालयात जशी मिळतात तशीच नाशिकच्याही मिळतात. मादागास्करमध्ये १९९५ साली एका मुलाच्या शरीरात अनेक औषधांना दाद न देणारा जीवाणू सापडला होता, त्यामुळे शास्त्रज्ञ या बाबतीत जागरूक असतात. पण ती घटना अपवादात्मक आहे.

थोडक्यात, आजच्या काळात प्लेगचा रुग्ण दगावतो तो बहुधा उशिरामुळे, आणि उशीर होण्याचे कारण असे की समोरच्या डॉक्टरांच्या मनात प्लेगचा विचारच येत नाही. ज्याने आयुष्यात हा रोग पाहिलेला नाही, त्याने तापाच्या रुग्णाला फ्लूची गोळी दिली तर त्याला तरी कसा दोष द्यायचा? पेनिसिलिनच्या कुळातली औषधे या रोगावर भरवशाची नाहीत, त्यामुळे अंदाजाने दिलेल्या अँटिबायोटिकने दोन दिवस वाया जातात. म्हणून मुलाला पहिली गोष्ट सांगायची ती ही : रानातून आल्यावर आठवडा-दहा दिवसांत जोराचा ताप आला, तर अंगावर काढायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे आणि त्यांनी विचारले नाही तरी आपणहून सांगायचे, "मी अमुक ठिकाणी तंबूत राहिलो होतो, तिथे प्रेअरी डॉगांची बिळे होती, माझ्याकडे मांजर आहे." परदेशी शिकणारी आपली मुले डॉक्टरच्या बिलाच्या धास्तीने ताप अंगावर काढतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल. विद्यापीठाच्या विम्यात काय बसते आणि विद्यार्थ्यांसाठीचा दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो, हे त्याने आजच पाहून ठेवले, तर इथून पाठवलेल्या गोळ्यांच्या दहा पाकिटांपेक्षा ते अधिक उपयोगाचे ठरेल.

मांजराचा विषय तुम्ही सहज लिहून गेलात, पण या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा धागा तोच आहे. मांजराला प्लेग सहज होतो, कारण ते उंदीर-खारी मारून खाते. आणि आजारी मांजर खोकल्यातून किंवा ओरखड्यातून तो मालकाला देऊ शकते. २०२४ साली ओरेगन राज्यात एका माणसाला प्लेग झाला, तो बहुधा त्याच्या आजारी मांजराकडूनच आला असावा असे तेथील आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितले. त्याच्यावर वेळीच उपचार झाले. तेव्हा मांजर शक्यतो घराबाहेर सोडू नये, पशुवैद्याला विचारून त्याला पिसवांचे औषध नियमित द्यावे, ते आजारी पडले तर त्याच्या तोंडाजवळ तोंड न नेता पशुवैद्याकडे न्यावे आणि त्याला पांघरुणात घेऊन झोपू नये. हे शेवटचे तो ऐकणार नाही, पण तरी सांगावे. रानात जाताना पायांना आणि कपड्यांना कीटक दूर ठेवणारे मलम किंवा फवारा लावावा, बिळांच्या जवळ तंबू ठोकू नये, खारींना दाणे घालू नयेत आणि मेलेल्या प्राण्याला हात लावू नये. एवढे पथ्य पाळले, तर तंबूत राहण्यात कसलीच अडचण नाही. त्या भागातला आकाशगंगेचा देखावा नुसत्या भीतीपायी चुकवावा असा नाही.

आता तुमच्या मनातली दुसरी भीती, १९९४ची. त्या वर्षी मी पुण्यात शिकत होतो. नाकाला रुमाल बांधून फिरणारी माणसे, औषधांच्या दुकानांपुढच्या रांगा आणि 'टेट्रासायक्लिन संपले' अशी खडूने लिहिलेली पाटी मला आजही आठवते. खोलीतल्या एका मित्राने दिवसाला चार याप्रमाणे गोळ्या खाल्ल्या आणि प्लेगऐवजी पोटदुखीने अंथरूण धरले. त्या साथीचे दोन भाग होते, आणि ते अगदी वेगळे होते. बीड जिल्ह्यातील मामला गावी ऑगस्ट महिन्यात घरांतून उंदीर मरून पडू लागले आणि त्यानंतर लोकांना गाठी आल्या. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. त्याच्या धास्तीने या भागातले लोक घरे सोडून बाहेर तात्पुरत्या निवाऱ्यात राहू लागले होते, धान्य मात्र जुन्या घरांत तसेच पडून राहिले. मोकळी घरे आणि भरलेल्या कणग्या, उंदरांना आणखी काय हवे? सुरतेला सप्टेंबरमध्ये आला तो फुप्फुसाचा प्लेग. पावसाळ्यातला पूर, कचऱ्याचे ढीग आणि दाटीवाटीच्या वस्त्या यांनी त्याला वाट करून दिली. देशभरात मिळून मृत्यू पन्नासच्या थोडे वर झाले. पण काही दिवसांत लाखो माणसे सुरत सोडून पळाली, परदेशांनी भारताची विमाने रोखली आणि झालेले आर्थिक नुकसान अब्जावधी रुपयांत मोजावे लागले. रोगापेक्षा त्याच्या नावाने अधिक हानी केली, असे मी म्हणेन, आणि त्या नावाची धार आपल्याकडे एवढी का आहे, हेही उघड आहे.

तुमच्या सासूबाईंच्या गोष्टींत ते आहेच. १८९७ साली पुण्यात रँडच्या अमलाखाली सोजीर घरोघर शिरून झडत्या घेत, रुग्णाला आणि त्याच्या माणसांना वेगवेगळ्या छावण्यांत नेत, सामान जाळत. त्या दहशतीने लोकांनी रुग्ण माळ्यावर आणि कोठीच्या खोल्यांत लपवले, आणि लपवलेल्या रुग्णाजवळ घरातली इतर माणसे राहिली. पुढे २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाले, ते प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना प्लेगनेच गेल्या. मला या सगळ्यात एक गोष्ट नेहमी लक्षणीय वाटते. सरकार चुना फासत होते, कार्बोलिक शिंपडत होते, जमिनी उकरत होते, कौले काढून घरात ऊन घेत होते, कारण हा रोग घाणीतून आणि हवेतून येतो अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. पिसवांचा दोष १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवला तो पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी, आणि पुढची कित्येक वर्षे त्यांच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. पण आपल्या खेड्यांतली माणसे त्याआधीच घरात उंदीर पडला की चूल मोडून रानात झोपड्या घालत आणि गावातला रोग ओसरेपर्यंत परत येत नसत. सासूबाईंच्या आईचे कुटुंब रानात राहिले असेल, तर ते शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर वागले. अंगाऱ्याबद्दल मी काही बोलत नाही, तो त्यांच्या समाधानाचा भाग आहे; पण त्यांच्या आईच्या शहाणपणाचे कौतुक त्यांच्यापाशी जरूर करा.

त्या काळात आणि आजच्या काळात फरक काय, याचा विचार करताना मला २०१७ सालचे मादागास्कर आठवते. ऑगस्टच्या अखेरीस एक तरुण ताप असताना भाड्याच्या सार्वजनिक गाडीतून डोंगराळ भागातून राजधानीच्या वाटेने किनाऱ्याकडे निघाला आणि वाटेतच गेला. तो फुप्फुसाचा प्लेग होता. गाडीतल्या सहप्रवाशांपासून साखळी सुरू झाली आणि राजधानीत व बंदराच्या शहरात पोहोचली. नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत संशयितांसह २,४१७ रुग्ण नोंदवले गेले आणि २०९ माणसे दगावली. गरीब देश, दाट शहरे, माणसाकडून माणसाला लागणारा प्रकार, म्हणजे साथीला हवे ते सारे तिथे होते. तरीही रुग्णांच्या संपर्कातील हजारो लोकांना शोधून त्यांना प्रतिबंधक गोळ्या दिल्या गेल्या आणि तीन-चार महिन्यांत साथ आटोपली. १८९६ साली मुंबईत हे करण्याचे साधनच नव्हते. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली, एवढाच काय तो आशेचा किरण होता. परळच्या संस्थेला आज त्यांचेच नाव आहे.

भारतातही १९९४नंतर प्लेग दोनदा डोकावला. २००२ साली हिमाचलमधील शिमला जिल्ह्यात आणि २००४ साली उत्तराखंडमधील उत्तरकाशी जिल्ह्यातल्या एका खेड्यात. दोन्ही वेळा रुग्णांची संख्या वीसच्या आत राहिली आणि रोग त्या परिसराबाहेर गेला नाही. तेव्हा 'पुन्हा येईल का' या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असे की कुठेतरी, कधीतरी, चार-दहा रुग्ण आढळू शकतील. पण शहरे ओस पाडणारी साथ येण्याची शक्यता मला दिसत नाही. आलेच, तर रुग्ण न लपवता पहिल्याच दिवशी सरकारी रुग्णालयात नेणे हे आपल्या हातात असेल.

गोळ्या का पाठवू नयेत, तेही सांगतो. डॉक्सिसायक्लिन फुप्फुसाच्या प्लेगच्या रुग्णाजवळ वावरलेल्या माणसाला प्रतिबंधासाठी सात दिवस देतात. तुमचा मुलगा तशा कोणाच्या जवळ गेलेला नाही. घरात गोळ्या असल्या की ताप आल्यावर माणूस दोन गोळ्या घेऊन झोपतो. मग चाचणीत जीवाणू सापडत नाही, लक्षणे अर्धवट दबतात आणि डॉक्टरांकडे जायला आणखी दोन दिवस उशीर होतो. म्हणजे ज्या उशिराविषयी मी वर लिहिले, तो उशीर तुम्ही टपालाने पाठवल्यासारखे होईल.

राहिले सोसायटीचे उंदीर. प्लेगच्या भीतीने का होईना, तुमचे लक्ष तिकडे गेले हे बरे झाले. रोज एखाद-दुसरा उंदीर दिसणे हे प्लेगचे लक्षण नव्हे. कोणी विष घातलेले नसताना थोड्या दिवसांत अनेक उंदीर मरून पडलेले दिसले, तरच ते गंभीर समजावे. त्यांना हात न लावता महापालिकेच्या आरोग्य विभागाला लगेच कळवावे. अशा वेळी उरलेले उंदीर मारायची घाई तर मुळीच करू नये, कारण उंदीर मेला की त्याच्या पिसवा दुसरे अंग शोधतात. म्हणून आधी पिसवा मारणारी पूड टाकतात आणि मग उंदरांचा बंदोबस्त करतात. पण नाशिकच्या पार्किंगमधल्या उंदरांपासून तुम्हाला खरा धोका आहे तो लेप्टोस्पायरोसिसचा. हा रोग उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायांवरच्या लहानसहान जखमांवाटे शरीरात शिरतो आणि महाराष्ट्रात दर पावसाळ्यात माणसे नेतो. मुंबईत जुलै २००५च्या महापुरानंतर त्याने काय केले, ते अनेकांनी पाहिले आहे. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत ओल्या कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणे, नळाच्या पाइपांभोवतीची भोके सिमेंटने बुजवणे आणि पार्किंगच्या गटारावर जाळी बसवणे हे तीन ठराव मांडा. तुंबलेल्या पाण्यात काम करणाऱ्या सफाई कामगाराला गमबूट सोसायटीच्या खर्चाने घेऊन द्या आणि त्या पाण्यातून चालून आल्यावर कोणाला ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा.